पाच मेगापिक्सेल, चोवीस मेगापिक्सेल आणि त्यांच्यासमोरची काच

प्रेसमधून निघालेल्या, ८५ मिमी लांब आणि ५५ मिमी रुंद अशा पत्र्याच्या भागावरील भोकांचे व्यास मोजायचे आणि भोकांच्या काठावर राहिलेला बर, म्हणजे धातूचा बारीक टोकदार कंगोरा, शोधायचा, एवढेच काम कॅमेऱ्याकडून करून घ्यायचे होते. भाग पट्ट्यावरून सेकंदाला ३०० मिमी वेगाने जातो आणि जाताना थोडा इकडेतिकडे सरकलेला असतो, म्हणून चित्राची रुंदी १०० मिमी धरली. या कामासाठी सोनीचे तीन वेगवेगळे सेन्सर असलेले तीन कॅमेरे आणि त्यांच्यासाठी पाच लेन्स मी काही आठवडे आलटून पालटून वापरल्या. तिन्ही सेन्सर कृष्णधवल आणि ग्लोबल शटरचे, म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडणारे, होते: आयएमएक्स१७४, आयएमएक्स२६४ आणि आयएमएक्स५४०. लेन्स बनवणाऱ्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या १२ मिमी आणि २५ मिमी लेन्समध्ये इतका फरक आढळतो की कंपनीचे नाव वाचून निवड करणाऱ्याची दिशाभूल होण्याचीच शक्यता अधिक असते.

या तीन सेन्सरमधील खरा फरक त्यांच्या पिक्सेलच्या आकारात आहे. आयएमएक्स१७४ चा पिक्सेल ५.८६ मायक्रॉनचा असून त्याचे चित्र १९२० गुणिले १२०० एवढे, म्हणजे सुमारे २.३ मेगापिक्सेलचे असते. आयएमएक्स२६४ चा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आणि चित्र २४४८ गुणिले २०४८, म्हणजे पाच मेगापिक्सेलचे. आयएमएक्स५४० हा नंतरच्या पिढीतला, मागच्या बाजूने प्रकाश घेणारा सेन्सर आहे. त्याचा पिक्सेल २.७४ मायक्रॉनचा आणि चित्र ५३२८ गुणिले ४६०८, म्हणजे साडेचोवीस मेगापिक्सेलचे. चित्राची रुंदी १०० मिमी ठेवली तर पहिल्याचा एक पिक्सेल वस्तूवर ५२ मायक्रॉन, दुसऱ्याचा ४१ मायक्रॉन आणि तिसऱ्याचा १९ मायक्रॉन एवढी जागा व्यापतो. कागदावर हा सामना तिसऱ्याने केव्हाच जिंकलेला आहे, आणि माझीही सुरुवातीची समजूत तशीच होती.

आकाराच्या मापाबद्दल आधी थोडे सांगायला हवे, कारण लेन्स मागवताना पहिली चूक तिथेच होते. सेन्सरचे दोन तृतीयांश इंच, एक इंच असे जे माप सांगितले जाते, ते जुन्या व्हिडिकॉन नळीच्या बाहेरील व्यासावरून आलेले आहे आणि त्याचा सेन्सरच्या प्रत्यक्ष कर्णाशी सरळ संबंध नाही. एक इंची सेन्सरचा कर्ण सुमारे १६ मिमी असतो आणि दोन तृतीयांश इंचीचा ११ मिमी. आयएमएक्स२६४ या ११ मिमीच्या वर्गात बसतो. आयएमएक्स१७४ मेगापिक्सेलने निम्म्याहून लहान असला तरी त्याचा कर्ण १३ मिमीच्या पुढे जातो, आणि त्यावर दोन तृतीयांश इंचाची लेन्स लावली तर चारही कोपरे काळवंडतात. आयएमएक्स५४० चा कर्ण १९ मिमीहून थोडा अधिक आहे. तो सी-माउंटमध्ये, म्हणजे औद्योगिक कॅमेऱ्यांवर लेन्स बसवण्याच्या नेहमीच्या आट्यात, बसतो, परंतु एवढ्या मोठ्या वर्तुळावर कडेपर्यंत स्पष्ट प्रतिमा टाकणारी सी-माउंट लेन्स मिळवणे हे वेगळेच काम होऊन बसते. लेन्सच्या कागदावर तिच्या प्रतिमावर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला असेल तर तोच पाहावा, इंचाकडे दुर्लक्ष करावे.

पहिला कॅमेरा, म्हणजे आयएमएक्स१७४, आज जुना मानला जातो, पण त्याची एक गोष्ट अजूनही हेवा वाटावा अशी आहे. त्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये सुमारे ३२ हजार इलेक्ट्रॉन मावतात, तर आयएमएक्स२६४ च्या पिक्सेलमध्ये सुमारे १० हजार. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांच्या संख्येतील चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, त्यामुळे पिक्सेल काठोकाठ भरला तर पहिल्याचे संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे १८० पर्यंत जाते आणि दुसऱ्याचे १०० च्या आसपास थांबते. उजळ, चकचकीत पृष्ठभागावरील फिकट डाग ओळखायचा असेल, म्हणजे पांढऱ्यावरचा किंचित कमी पांढरा असा फरक पकडायचा असेल, तर हा गुण फार उपयोगी पडतो. याउलट अंधाऱ्या भागात आयएमएक्स२६४ पुढे असतो, कारण त्याचा वाचनाच्या वेळचा गोंगाट दोन-अडीच इलेक्ट्रॉन एवढाच आहे आणि आयएमएक्स१७४ चा सहा-सातच्या घरात. गंमत अशी की पिक्सेलच्या क्षमतेला या गोंगाटाने भागून जी डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या संकेतांमधील अंतर, काढली जाते, ती दोन्ही सेन्सरची जवळजवळ सारखीच, ७३ डेसिबेलच्या आसपास येते. केवळ तो एक आकडा पाहणाऱ्याला हे दोन सेन्सर जुळे भाऊ वाटतील, प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव अगदी विरुद्ध आहेत.

हे आकडे कॅमेरा बनवणाऱ्याने कसे मोजले आहेत, हेही विचारले पाहिजे. युरोपियन मशीन व्हिजन असोसिएशनचे १२८८ क्रमांकाचे मानक नेमके यासाठी आहे, त्याची ४.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. त्या मानकानुसार तयार केलेल्या अहवालात क्वांटम कार्यक्षमता (आलेल्या प्रकाशकणांपैकी किती टक्क्यांचे इलेक्ट्रॉन होतात), अंधारातील गोंगाट, पिक्सेलची क्षमता आणि पिक्सेलपिक्सेलमधील असमानता हे सगळे एकाच पद्धतीने मोजलेले असते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची तुलना करता येते. ज्या विक्रेत्याने हा अहवाल न देता ‘अतिशय संवेदनशील’ एवढेच लिहून पाठवले, त्याचा कॅमेरा मी चाचणीसाठी घेतलाच नाही. सेन्सरच्या तापमानाबद्दल मात्र अनेकजण उगाच चिंता करतात. अंधारप्रवाह, म्हणजे प्रकाश नसतानाही पिक्सेलमध्ये साठणारे इलेक्ट्रॉन, हा तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो हे खरे आहे, परंतु एक्स्पोजर मायक्रोसेकंदांत असेल तर तो साठायला वेळच मिळत नाही. गरम झालेल्या कॅमेऱ्याने त्रास दिलाच तर तो फोकस सरकण्याच्या रूपाने देतो.

आयएमएक्स२६४ ची ओळख करून देताना त्याच्या थोरल्या भावाचा, आयएमएक्स२५० चा, उल्लेख करणे भाग आहे. दोघांचा पिक्सेल, आकार आणि प्रतिमेची प्रत सारखीच आहे, फरक वेगाचा. आयएमएक्स२५० सेकंदाला दीडशेहून अधिक चित्रे देऊ शकतो, तर आयएमएक्स२६४ पस्तीसच्या आसपास. आता या चित्रांना बाहेर पडायची वाट कोणती आहे ते पाहू. साध्या गिगाबिट इथरनेटच्या तारेतून सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट जातात आणि आठ बिटांचे पाच मेगापिक्सेलचे एक चित्र पाच मेगाबाइटचे असते, म्हणजे सेन्सर कोणताही असला तरी सेकंदाला तेवीस चित्रांच्या पलीकडे जाता येत नाही. महागडा वेगवान सेन्सर घेऊन तो गिगाबिटच्या तारेला जोडलेला मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिला आहे. आमच्या पट्ट्यावर तर भाग एकामागोमाग एक आले तरी सेकंदाला तीन-चारच चित्रे लागतात, त्यामुळे वेगाचा प्रश्न तिथेच संपला आणि साडेचोवीस मेगापिक्सेलची चित्रेसुद्धा त्याच तारेतून आरामात गेली.

३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलला एक इतिहासही आहे. सोनीने २०१५ मध्ये सीसीडी, म्हणजे जुन्या तंत्राचे, सेन्सर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यांचा पाच मेगापिक्सेलचा, दोन तृतीयांश इंची सीसीडी अनेक तपासणी यंत्रांवर काम करत होता आणि त्याचाही पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचाच होता. त्यामुळे त्या यंत्रांवर नवा, आयएमएक्स२६४ सारखा सीमॉस कॅमेरा चढवताना लेन्स, अंतर आणि चित्राची रुंदी यांपैकी काहीच बदलावे लागले नाही. या आकारासाठी लेन्सची जी भरघोस निवड आज उपलब्ध आहे, तिच्यामागे ही सलगता आहे असे मला वाटते, आणि सेन्सर निवडताना ही गोष्ट क्वांटम कार्यक्षमतेच्या चार टक्क्यांहून अधिक मोलाची ठरते.

आता आयएमएक्स५४०. टेबलावर, भाग स्थिर ठेवून, मधल्या भागात फोकस नीट लावून घेतलेले त्याचे पहिले चित्र पाहिले तेव्हा मी मनातल्या मनात खरेदीचा कागद भरून टाकला होता. बरचा एकेक काटा वेगळा दिसत होता. अडचणी सुरू झाल्या त्या पट्टा चालू केल्यावर.

पहिली अडचण प्रकाशाची. भाग हलत असताना चित्र अर्ध्या पिक्सेलहून अधिक फरफटू नये असे ठरवले, तर सेकंदाला ३०० मिमी वेगावर आयएमएक्स२६४ ला सुमारे ६८ मायक्रोसेकंदांचे एक्स्पोजर चालते. आयएमएक्स५४० चा पिक्सेल वस्तूवर निम्म्याहूनही कमी जागा व्यापतो, म्हणून त्याला ३१ मायक्रोसेकंदच मिळतात. त्यातच त्याच्या पिक्सेलचे क्षेत्रफळही आयएमएक्स२६४ च्या पिक्सेलच्या तुलनेत दीडपटीहून लहान. दोन्हींचा गुणाकार केला तर लेन्सच्या त्याच ॲपर्चरवर (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्रावर) प्रत्येक पिक्सेल सारखाच भरण्यासाठी साडेतीन पटीच्या आसपास प्रकाश लागतो. एलईडी दिव्याला क्षणभर जास्त प्रवाह देऊन तो चमकवणारा नियंत्रक लावून एवढा प्रकाश मिळवता येतो, पण मग कॅमेऱ्याच्या बदलाबरोबर दिवा आणि त्याचा नियंत्रक हेही बदलावे लागतात, आणि माहितीपत्रकात ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते.

दुसरी अडचण खोलीची, आणि ती पहिलीपेक्षा अवघड. आयएमएक्स२६४ ८.४५ मिमी रुंद आहे, म्हणून १०० मिमीचे दृश्य त्यावर ०.०८४५ पट होऊन पडते, आयएमएक्स५४० १४.६ मिमी रुंद असल्याने तिथे तेच ०.१४६ पट होते. वस्तूच्या बाजूची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जेवढ्या खोलीत वस्तू स्पष्ट दिसते ती, या गुणकाच्या वर्गाने घटते, आणि स्पष्टतेची अट म्हणून एका पिक्सेलएवढाच धूसरपणा चालवून घ्यायचा म्हटले तर एफ/४ वर (एफपुढची संख्या जितकी मोठी तितके ॲपर्चर बारीक) आयएमएक्स२६४ ला सुमारे ४.२ मिमी आणि आयएमएक्स५४० ला केवळ १.२ मिमी खोली मिळते. आमचा पत्रा प्रेसमधून निघताना किंचित वाकतो, शिवाय पट्टाही वरखाली होतो. ज्या चित्रात भागाचा डावा कोपरा सुरेख आणि उजवा मऊ आहे, त्या चित्रात साडेचोवीस मेगापिक्सेल आहेत असे म्हणणे हा केवळ फाइलच्या आकाराचा हिशोब झाला.

त्यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे ॲपर्चर बारीक करणे, आणि मीही तो करून पाहिला. इथे प्रकाशाचा स्वभावच आडवा येतो. कितीही उत्तम लेन्स घेतली तरी विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक चकती होते, आणि तिचा व्यास तरंगलांबी, एफ-संख्या आणि २.४४ यांचा गुणाकार एवढा असतो. जवळच्या वस्तूसाठी एफ-संख्या स्वतःच थोडी वाढते, ०.१४६ गुणकावर लेन्सच्या कड्यावरील एफ/८ प्रत्यक्षात ९.२ च्या आसपास काम करते. हिरव्या प्रकाशात, म्हणजे ०.५५ मायक्रॉनला, चकतीचा व्यास १२ मायक्रॉनच्या पुढे जातो आणि ती साडेचार पिक्सेल व्यापते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर २.७४ मायक्रॉनचा पिक्सेल मिलिमीटरला १८२ रेषाजोड्यांपर्यंतचा (एक काळी आणि एक पांढरी रेघ म्हणजे एक जोडी) तपशील नोंदवू शकतो, पण त्या ॲपर्चरवर कोणतीही लेन्स १९८ च्या पुढे काहीच देत नाही आणि त्या सीमेजवळचा तीव्रताभेद, म्हणजे काळ्यापांढऱ्यातला फरक, दोन-चार टक्क्यांवर आलेला असतो. हा दोष लेन्सचा नाही, त्यामुळे अधिक पैसे देऊन तो जात नाही. निळा प्रकाश वापरला की चकती लहान होते, इतकीच सूट मिळते.

म्हणजे आयएमएक्स५४० वाईट आहे का? मुळीच नाही. सपाट आणि थांबलेल्या वस्तूसाठी, उदाहरणार्थ मुद्रित सर्किट बोर्ड किंवा काचेचे पान टेबलावर स्थिर ठेवून तपासायचे असेल आणि एफ/२.८ किंवा एफ/४ वर कडेपर्यंत टिकणारी मोठ्या वर्तुळाची लेन्स हाताशी असेल, तर मी हाच सेन्सर घेईन, कारण एका चित्रात जे काम होते त्यासाठी एरवी चार कॅमेरे किंवा सरकता टेबल लागेल. पण तो घेताना लेन्स, दिवा आणि वस्तू धरून ठेवणारी यंत्रणा यांचाही खर्च त्याच्याच खात्यात मांडायला हवा.

लेन्सकडे वळतो. फोकल लेंग्थ काढण्याचे गणित सोपे आहे आणि ते स्वतः केल्याशिवाय कोणाचेही कोष्टक मानू नये: लेन्सपासून वस्तूचे अंतर म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले एक अधिक गुणकाचा व्यस्तांक. आयएमएक्स२६४ साठी २५ मिमी लेन्स घेतली तर हे अंतर सुमारे ३२१ मिमी येते. तीच २५ मिमी लेन्स आयएमएक्स५४० वर लावली तर अंतर १९६ मिमीपर्यंत खाली येते आणि दिव्याला जागा उरत नाही. तिथे किमान ३५ मिमी लागते, म्हणजे २७५ मिमी अंतर. सेन्सर बदलला आणि लेन्स तीच ठेवली तर यंत्राचा सांगाडाही बदलावा लागतो, ही गोष्ट सेन्सर निवडणारा आणि सांगाडा काढणारा या दोघांनी एकत्र बसून पाहायची असते.

पाच लेन्सपैकी एकीने मला सर्वांत जास्त मनस्ताप दिला. तिच्यावर ‘पाच मेगापिक्सेल’ असा ठसा होता, प्रतिमावर्तुळ ११ मिमीचे होते, आणि तरीही एफ/२.८ वर कोपऱ्यांतील भोकांचे काठ इतके मऊ येत होते की मोजलेला व्यास मधल्या भोकाच्या तुलनेत सतत कमी भरत होता. पुरवठादाराकडे विचारणा केली तेव्हा त्याने पाठवलेला तीव्रताभेदाचा आलेख केवळ मध्यबिंदूचा निघाला. कडेचा आलेख मागितला तर महिनाभर उत्तरच आले नाही. मुळात मेगापिक्सेल हे लेन्सचे माप नव्हेच. पाच मेगापिक्सेलचा सेन्सर ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलचा असेल तर लेन्सने मिलिमीटरला १४५ रेषाजोड्यांपर्यंत साथ द्यावी लागते. ऑनसेमीच्या पायथॉन ५००० सेन्सरचेही पाच मेगापिक्सेलच आहेत, पण त्याचा पिक्सेल ४.८ मायक्रॉनचा असल्याने त्याला १०४ रेषाजोड्या पुरतात. एकाच ठशाची लेन्स एकावर उत्तम आणि दुसऱ्यावर निकृष्ट ठरते, आणि ठसा मारणारा दोन्ही वेळा खरेच बोलत असतो. विचारायचे ते एवढेच: माझ्या गुणकावर, माझ्या ॲपर्चरवर, मध्यापासून माझ्या सेन्सरच्या कोपऱ्यापर्यंत, माझ्या पिक्सेलच्या सीमेवर तीव्रताभेद किती टक्के उरतो? बऱ्याच लेन्सचे आलेख अनंत अंतरावरच्या वस्तूसाठी काढलेले असतात, आणि ३०० मिमीवरील वस्तूसाठी ते फारसे कामाचे नसतात.

हीच लेन्स एफ/५.६ वर बरीच सुधारली, हेही नोंदवायला हवे. ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलसाठी एफ/४ ते एफ/५.६ हा पट्टा मला सर्वांत समाधानकारक वाटला: तिथे लेन्सचे स्वतःचे दोष कमी झालेले असतात आणि विवर्तनाची चकती अजून आवरती असते. दिव्याचा रंग एकच ठेवला तर लेन्सला सगळे रंग एका ठिकाणी आणण्याची कसरत करावी लागत नाही आणि मध्यम प्रतीची लेन्सही एक पायरी वर चढते. निळ्या एलईडीपुढे पांढऱ्या एलईडीचे चित्र कसे दिसते ते एकदा शेजारीशेजारी लावून पाहावे. कॅमेरा बदलण्याआधी दिव्याचा रंग बदलून पाहणे केव्हाही स्वस्त पडते. त्या रंगाचा फिल्टर लेन्सपुढे लावला तर आजूबाजूचा उजेडही बाद होतो, मात्र ८ मिमीसारख्या आखूड लेन्सवर कडेचे किरण तिरपे येतात, फिल्टरचा पट्टा त्या कोनावर सरकतो आणि चित्राच्या कडा अंधारतात.

रंगीत सेन्सर का घेतला नाही, असे मला विचारण्यात आले. रंगीत सेन्सरवर बायर पद्धतीची रंगफिल्टरांची जाळी असते, तिच्यात अर्धे पिक्सेल हिरवे आणि पाव-पाव लाल व निळे असतात, आणि उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. ज्या कामात रंग हाच पुरावा नाही त्या कामात हा अंदाज काठाच्या मोजमापात विनाकारण शिरतो.

रोलिंग शटरचा एक वीस मेगापिक्सेलचा कॅमेराही, आयएमएक्स१८३ चा, कोणीतरी सुचवला होता. तो सेन्सर उत्तम आहे आणि थांबलेल्या वस्तूसाठी त्याच्या किमतीत तोड नाही. पण त्याच्या ओळी एकामागून एक उघडतात; पूर्ण चित्राला समजा ५० मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात आमचा भाग १५ मिमी पुढे गेलेला असतो आणि गोल भोक लंबवर्तुळ होऊन पडते. पूर्ण अंधार करून एकाच क्षणी दिवा चमकवला तर यातून वाट निघते, परंतु चालत्या पट्ट्याभोवती पूर्ण अंधार ठेवणे हे बोलायला सोपे काम आहे.

मोजमापाच्या बाबतीत शेवटी निर्णय झाला तो एका वेगळ्याच कारणावरून. १० मिमी व्यासाचे भोक आयएमएक्स२६४ वर सुमारे २४५ पिक्सेल रुंद दिसते, आणि त्याच्या परिघावरील शेकडो बिंदूंतून वर्तुळ बसवले की व्यास पिक्सेलच्या एका लहानशा अंशापर्यंत स्थिर येतो. म्हणजे ४१ मायक्रॉनचा पिक्सेल अडसर नव्हता. अडसर असा की ३२१ मिमी अंतरावर असलेला पत्रा १ मिमीने वर उचलला गेला तर तो लेन्सच्या जवळ येतो आणि सुमारे ०.३ टक्के मोठा दिसतो. १० मिमीच्या भोकात ही चूक ३१ मायक्रॉनची होते. पिक्सेल कितीही लहान केले तरी ही चूक तसूभरही कमी होत नाही. आठवडाभर मी मोठा सेन्सर लावून जिचा पाठलाग करत होतो ती चूक सेन्सरमध्ये नव्हतीच.

यावर खरा उपाय टेलिसेंट्रिक लेन्सचा. तिच्यात वस्तूकडून येणारे मुख्य किरण अक्षाला समांतर घेतले जातात, त्यामुळे वस्तू थोडी जवळ आली किंवा दूर गेली तरी आकार बदलत नाही, आणि भोकाची आतली भिंतही चित्रात डोकावत नाही. लहान दृश्याची अशी एक लेन्स मी चाचणीत लावली होती. भाग मुद्दाम वरखाली करूनही व्यास जागचा हलला नाही, आणि पाचही लेन्समध्ये मनापासून आवडली ती हीच. पण समांतर किरण घ्यायचे म्हणजे पुढची काच दृश्याहून मोठी हवी. आमच्या दृश्याचा कर्ण १३० मिमी भरतो; त्यासाठीची लेन्स लांब आणि काही किलो वजनाची होते, आणि तिला धरण्यासाठी सांगाडाच नव्याने उभारावा लागतो. एकच भोक किंवा लहान भाग मोजायचा असता तर मी दुसरा विचार केला नसता.

आम्ही मधला मार्ग घेतला. फोकल लेंग्थ ५० मिमी केली की अंतर ६४२ मिमी होते आणि १ मिमीच्या चढउताराची चूक निम्मी, १६ मायक्रॉन होते; पट्ट्याखाली आधाराची पट्टी बसवून तो चढउतारही अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणला. गुणक तोच असल्याने डेप्थ ऑफ फील्डमध्ये काही गमावले नाही, एफ/५.६ वर ती ६ मिमीच्या जवळ मिळते. यंत्रावर आज आयएमएक्स२६४ आहे, पुढे कुलपी स्क्रू असलेली ५० मिमीची लेन्स, मोजमापासाठी खालून निळा प्रकाश आणि बरसाठी बाजूने येणारा तिरपा प्रकाश. कुलपी स्क्रूबद्दल सांगायचे तर प्रेसजवळच्या कंपनांमुळे स्क्रू नसलेल्या लेन्सचे फोकसचे कडे चार दिवसांत फिरले होते, आणि तो फरक इतका संथ होता की मोजमापाचे आकडे बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही.

या जोडीबद्दल माझी एकच तक्रार शिल्लक आहे. ४१ मायक्रॉनचा पिक्सेल भोकाच्या व्यासाला पुरतो, परंतु अगदी बारीक बर, जो एक-दीड पिक्सेलच भरतो, तो कधी धुळीच्या कणासारखा दिसतो आणि चांगला भाग बाद ठरतो. त्यासाठी भोकांच्याच भागावर रोखलेला, ३० मिमी दृश्याचा दुसरा कॅमेरा लावण्याचे ठरले आहे. त्याच्यासाठीही पुन्हा आयएमएक्स२६४ च मागवला आहे, आणि या वेळी लेन्स टेलिसेंट्रिक असेल.